अमात्यांचा तक्ता

मी पक्की कॉन्व्हेंटवाली. मराठीत लेख पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

सुट्टीत चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत ट्रेनिंगला होते. काम होतं एंटरप्राइझ आर्किटेक्चरचं. म्हणजे कंपनी कशाकशाची बनली आहे ते वेगळं काढायचं: पदं, कामं, माहिती, जागा, प्रत्येकाची वेगळी चौकट. मी स्टोअर्सचं काम तिथल्या काकांच्या नावाने लिहिलं. सरांनी नाव खोडून पद लिहायला लावलं. काका रजेवर गेले तर स्टोअर्स बंद ठेवायचं का, असा त्यांचा प्रश्न. घरी हे सांगितलं तर आजोबांनी हातात 'आज्ञापत्र' दिलं. मोडी काळातली ती मराठी वाचताना घाम फुटला, पण सोडवेना.

ते लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य. १६७४ च्या राज्याभिषेकात शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांची पदं ठरवली, मुजुमदाराचा अमात्य झाला, आणि ते पद पंतांकडे आलं. हिशेबाचं खातं. पुढे १६८९ साली संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. जाताना इकडचा कारभार त्यांनी हुकुमतपनाह हा किताब देऊन पंतांवर सोपवला. राजा शेकडो मैल लांब, खजिना रिकामा, समोर खुद्द औरंगजेब. तरी शंकराजी नारायण, संताजी, धनाजी यांना घेऊन पंतांनी राज्य चालतं ठेवलं.

१७१५ मध्ये कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी त्यांनी आज्ञापत्र लिहिलं. राजा, प्रधान, सावकार, टोपीकर, वतनदार, दुर्ग, आरमार, अशी एकेक चौकट. आरमाराला लाकूड हवं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही. वतनदारांबद्दल तर फार सावध. गंमत म्हणजे जिंजीच्या काळात माणसं मोगलांकडे जाऊ नयेत म्हणून वतनं द्यावीच लागली होती, आणि तो कारभार पंतांचाच! मला वाटतं, त्या प्रकरणात त्यांचा स्वतःचा अनुभव बोलतो.

किल्ल्याचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. आधी पाणी बघा, मग बांधा. एका झऱ्यावर विसंबू नका, तोफांच्या आवाजाने झरे आटतात. टाकी खोदून ठेवा. हा चक्क बॅकअप!

१७१६ साली पंत पन्हाळ्यावर वारले.

माझ्या तक्त्यात पाण्याला चौकटच नव्हती. प्लँटमध्ये बोअरवेल एकच. दुसऱ्या दिवशी सरांना विचारून ती घातली.