पुढचे पाऊल : महर्षी धोंडो केशव कर्वे

१८७५ साली कोकणातील मुरूड गावची काही मुले सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाली. हवामानामुळे समुद्रमार्ग बंद होता. तेव्हा सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैलांची वाट त्यांना पायीच तुडवावी लागली. त्यांत धोंडो केशव कर्वे हा सतरा वर्षांचा, किरकोळ बांध्याचा मुलगा होता. साताऱ्यास पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यांना तो सतरा वर्षांचा वाटला नाही आणि तेवढ्या कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले गेले नाही. आल्या वाटेने मुलगा घरी परतला.

असा प्रसंग पुष्कळांच्या मनात आयुष्यभर सलत राहतो. कर्व्यांनाही त्याचे दुःख झाले. परंतु ते त्या दुःखापाशी थांबले नाहीत. पुढे तीच परीक्षा ते उत्तीर्ण झाले, मग इंग्रजी शिक्षणाकडे वळले. मॅट्रिक होईपर्यंत वयाची तेवीस वर्षे झाली होती. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले. विशेष हे की, हा मनुष्य जात्या धीट नव्हता. चारचौघांत बोलण्याचा त्यांना संकोच वाटे; कोणाकडे काही मागणे तर फारच जड जाई. संकटे झेलण्याची जी शक्ती पुढे त्यांच्या ठायी दिसली, ती स्वभावाने दिलेली देणगी नसून हळूहळू अंगी बाणवलेली सवय होती.

१८९१ हे वर्ष त्यांची कसोटी पाहणारे ठरले. त्या वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या. घरात लहान मुलगा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्या काळी तिशीतल्या विधुराचे लग्न एखाद्या अल्पवयीन कुमारिकेशी लागणे ही नित्याची गोष्ट होती. कर्व्यांनी मात्र विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा निश्चय केला. मित्र नरहरपंत जोशी यांची बालविधवा बहीण गोदूबाई त्या वेळी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा पुनर्विवाह झाला आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या.

मुरूडने या विवाहाचे उत्तर बहिष्काराने दिले. याच गावाच्या भल्यासाठी कर्व्यांनी काही वर्षांपूर्वी ‘मुरूड फंड’ सुरू केला होता. आता त्याच गावात त्यांच्याशी संबंध ठेवणे हा अपराध ठरला. घरच्या माणसांनाही त्याची झळ लागली. आपल्या निर्णयाची किंमत आई-भावांना मोजावी लागत आहे, ही जाणीव त्यांना गावाच्या रोषाहून अधिक बोचणारी होती. तरीही त्यांनी गावाशी भांडण मांडले नाही, की घेतलेल्या निर्णयाबद्दल क्षमाही मागितली नाही.

या काळात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती अधिक महत्त्वाची आहे. विरोध नेमका कशाला आहे आणि त्यातून काम कसे पुढे न्यावे, याचा त्यांनी शांतपणे विचार केला. पुनर्विवाहाच्या प्रचाराने थोड्याच विधवांचे आयुष्य पालटेल. शिक्षण मिळाले तर अनेकींना स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल, हे त्यांना उमगले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पालकांनी बिचकू नये म्हणून आश्रमात पुनर्विवाहाचा पुरस्कार करावयाचा नाही, असे धोरण ठेवले. त्यामुळे काही सुधारक नाराज झाले आणि सनातन्यांचा राग तर होताच. उद्दिष्ट न सोडता मार्ग बदलण्याची ही तयारी हेच त्यांच्या चिवटपणाचे खरे रहस्य होते.

प्लेगच्या दिवसांत आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. १९०० साली तेथे पहिली झोपडी उभी राहिली. कॉलेजातील शिकवणे आटोपले की कर्वे आश्रमासाठी लागणारे सामान घेऊन चिखलातून हिंगण्याची वाट धरीत, मुलींना शिकवीत, रात्र तेथेच काढीत आणि सकाळी पुन्हा शहरात कामावर हजर होत. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. या त्यागाचा भार केवळ त्यांनी एकट्याने उचलला नाही. मिळकतीतला मोठा वाटा आश्रमाकडे जाई आणि चार मुलांच्या संसाराची ओढाताण आनंदीबाईंच्या वाट्याला येई. त्या रागावत, वाद घालीत आणि अखेर त्याच कामासाठी स्वतःही वर्गणी गोळा करावयास निघत. कर्व्यांच्या धैर्याचा हिशेब मांडताना हे ऋण विसरता येत नाही.

१९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेतून उच्च शिक्षण देणाऱ्या या विद्यापीठाची तेव्हा अनेकांनी थट्टा केली. पैसा नाही, विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या आणि सरकारी मान्यताही नाही, अशी स्थिती होती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास मिळाले. कायद्याने मान्यता मिळण्यास मात्र १९५१ साल उजाडावे लागले. पस्तीस वर्षे मराठी आणि गुजराती घरांतील मुली मान्यता नसलेल्या पदवीसाठी शिकत राहिल्या, कारण शिक्षण त्यांना हवे होते.

पंचाहत्तरी उलटल्यावर बहुतेक माणसे झालेल्या कामाकडे समाधानाने पाहत बसतात. कर्व्यांनी १९३६ साली महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळा नव्हती, तेथे ती उघडण्यासाठी ते दारोदार हिंडून लहानसहान वर्गणी गोळा करीत. ज्या तरुणाला मागण्याचा विलक्षण संकोच वाटे, तोच म्हातारपणी परक्या दारांत आनंदाने उभा राहू लागला होता. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ हा सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५व्या वर्षी, त्यांचे पुण्यात निधन झाले.

प्रत्येक पिढीतल्या मुलांना केव्हा ना केव्हा कोणत्या तरी दारातून परत फिरावे लागते. कोठे गुण कमी पडतात, कोठे परकी भाषा आडवी येते, कोठे निवडणाऱ्यांचीच नजर चुकते. त्या दिवशी घरी परतलेल्या मुलाला वडीलधाऱ्यांनी मुरूडच्या त्या मुलाची गोष्ट जरूर सांगावी. साताऱ्याहून तोही रिकाम्या हातांनीच परतला होता आणि घरी आल्यावर त्याने पुन्हा पुस्तक उघडले होते.