लाकूड वाकविणारा सुतार : मिखाएल टोनेट

इराण्याच्या हॉटेलात आपण सर्वजणी कधी ना कधी गेलेल्या आहोत. तेथील संगमरवरी टेबले, बिस्किटांच्या काचेच्या बरण्या आणि गोल बैठकीच्या, पाठीला कमान असलेल्या त्या काळपट लाकडी खुर्च्या आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. चहा पिताना खुर्चीकडे कोण पाहतो? परंतु एकदा नीट पाहावे. मागच्या पायापासून निघालेले लाकूड वर जाते, वळते आणि खाली येऊन दुसरा पाय होते. मध्ये कोठेही सांधा नाही. सरळ लाकूड असे वेलीसारखे वळले कसे?

ही विद्या जगाला देणारा गृहस्थ एक साधा सुतार होता. त्याचे नाव मिखाएल टोनेट. त्याचे चरित्र येथे सांगावेसे वाटते ते केवळ खुर्चीसाठी नव्हे. चाळिशी उलटल्यावर होते नव्हते ते सारे गमावून ज्याने संसार पुन्हा उभा केला, असा तो पुरुष होता.

मिखाएलचा जन्म २ जुलै १७९६ रोजी जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या बोपार्ड या लहान गावी झाला. वडील चामडे कमावण्याचा धंदा करीत. मुलाने सुतारकाम शिकून १८१९ साली स्वतःचे दुकान घातले. पुढच्या वर्षी ॲना ग्राह्स हिच्याशी त्याचा विवाह झाला. या जोडप्याला सात मुलगे आणि सहा मुली अशी तेरा अपत्ये झाली. पण त्यांतील पाच मुलगेच तेवढे हाती लागले. लिहायला ही एकच ओळ, पण त्या माउलीने किती पाळणे रिकामे होताना पाहिले असतील, हे आपणांस सांगायला नको.

त्या काळी खुर्चीचा वळणदार भाग करायचा म्हणजे जाड लाकूड घेऊन ते कोरीत बसावे लागे. लाकूड वाया जाई, वेळ जाई, आणि एवढे करून ती वस्तू जड नि महाग होई. मिखाएलच्या मनाने घेतले, की लाकूड कोरण्याऐवजी ते वाकवावे. त्याने लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून साच्यात वाकविल्या आणि १८३६ च्या सुमारास अशी हलकी खुर्ची तयार केली. सरस इतका लागू लागला, की १८३७ साली त्याने सरस करण्याची एक गिरणीच विकत घेतली.

पण कल्पना चांगली असली म्हणून घर चालते असे नाही. या शोधाचा हक्क आपल्या नावे व्हावा म्हणून त्याने निरनिराळ्या देशांत खटपट केली, त्यात पैसा गेला, कर्ज झाले. १८४१ साली कोब्लेंझच्या प्रदर्शनात त्याचे सामान ऑस्ट्रियाचा मुख्य प्रधान मेटर्निख याच्या नजरेस पडले. मेटर्निख जन्माने कोब्लेंझचाच. त्याने या सुताराला व्हिएन्नास बोलाविले. १८४२ च्या जुलैत तेथे लाकूड वाकविण्याचा हक्क मिळाला. पण त्याच वर्षी इकडे कर्जापायी बोपार्डची मालमत्ता हातची गेली. बायकामुलांनी गाव सोडले आणि सारे कुटुंब व्हिएन्नास आले.

तेव्हा मिखाएलचे वय सेहेचाळीस. ज्या वयात माणसे मुलांच्या लग्नाचा आणि आपल्या विसाव्याचा विचार करतात, त्या वयात तो परक्या शहरात दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागला. मुले बरोबर होतीच. लिष्टेनश्टाइन राजवाड्याच्या सजावटीत लाकडी जमिनी आणि खुर्च्या यांचे काम या बापलेकांनी केले. अशी सात वर्षे गेली. १८४९ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, त्याने पुन्हा स्वतःचे दुकान घातले. व्हिएन्नातील डाउम नावाच्या कॉफीगृहाने त्याच्या खुर्च्या घेतल्या आणि त्या सर्वांच्या पाहण्यात आल्या. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळाले. १८५३ साली त्याने धंदा पाचही मुलांच्या नावे केला आणि पेढीचे नाव टोनेट बंधू असे ठेवले. काम मात्र सोडले नाही.

अजून एक अडचण होती. सरसाने चिकटविलेल्या पट्ट्या दूरदेशीच्या दमट हवेत सुटू लागत. म्हणून अखंड लाकूडच वाकवायला हवे होते. कडबोळे वळताना पीठ नीट मळलेले नसले, तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला चीर पडते, हे आपण रोज पाहतो. लाकडाचेही तसेच. टोनेटने बीच झाडाची दांडी वाफेवर मऊ केली आणि तिच्या बाहेरच्या बाजूस लोखंडी पट्टी घट्ट बसविली. पट्टीमुळे बाहेरचे अंग ताणले जाईना, चीर पडेना. मग ती दांडी लोखंडी साच्यात अडकवून वाळवायची, म्हणजे तिचे वळण कायमचे राही. १८५६ साली या युक्तीचा हक्क मिळाला आणि मोराव्हियात, आजच्या चेक देशात, कोरिचानी गावी बीचच्या जंगलांजवळ कारखाना निघाला. कामाचे लहान लहान भाग पाडल्यामुळे जन्मात रंधा न धरलेले खेडूतही तेथे कामाला लागले. बैठका वेताने विणण्याचे काम बायकांच्या हातचे.

१८५९ साली तयार झाली ती १४ नंबरची खुर्ची, आणि तिनेच टोनेटचे नाव जगभर केले. तिच्यात लाकडाचे तुकडे अवघे सहा : मागचे दोन पाय व पाठ मिळून एक, पाठीतील आतली कमान, बैठकीचे कडे, पुढचे दोन पाय आणि पायांना धरून ठेवणारे खालचे कडे. जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. सरस नाही, कोरीवकाम नाही. सुटे भाग करून भरल्यास एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत, त्यामुळे जहाजाचे भाडे कमी पडे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. १९३० पर्यंत अशा सुमारे ५ कोटी खुर्च्या बनल्या.

१८६९ साली टोनेटच्या हक्काची मुदत संपली आणि इतर कारखानेही तशाच खुर्च्या करू लागले. म्हणून आपल्याकडील इराण्याची प्रत्येक खुर्ची टोनेटचीच असेल असे नाही. पण विद्या त्याची. ३ मार्च १८७१ रोजी व्हिएन्नात तो वारला. जर्मनीत टोनेटच्या नावाने ती खुर्ची आजही २१४ नंबराने बनते.

आजकाल दुकानात गेले, की सोफे, कपाटे, टीपॉय यांचे इतके प्रकार दाखवितात की मन गोंधळून जाते. आणि जितकी नक्षी जास्त, तितके सामान उंची, असे आपण समजून चालतो. टोनेटने नेमके उलट केले. नको ते काढून टाकले. राहिले ते हलके, टिकाऊ आणि साध्या माणसाच्या ऐपतीतले. पुसायला सोपे, एका हाताने उचलावे असे. घरात नवे सामान घेताना एवढे मनात धरले तरी पुष्कळ पैसा आणि जागा वाचेल.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आपल्या मंडळात चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळजणी आहेत. आता या वयात नवे काय शिकायचे, असे आपण एकमेकींना सहज बोलून जातो. ज्या खुर्चीने टोनेटचे नाव राहिले, ती झाली तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. पुढच्या खेपेस इराण्याकडे बसाल, तेव्हा पाठीमागच्या कमानीवरून एकदा हात फिरवून पाहा.