विश्लेषण : जुनी ट्रायम्फ तेल का गाळते? कोण होते एडवर्ड टर्नर?

जुन्या ब्रिटिश बाइकखाली पुठ्ठा ठेवावाच लागतो, असे व्हिंटेज बाइक बाळगणारे गमतीने सांगतात. सकाळी त्यावर तेलाचे दोन-चार थेंब असतातच. पण हीच बाइक सत्तर वर्षांनंतरही खोलून, दुरुस्त करून रस्त्यावर आणता येते. ट्रायम्फच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच माणसाच्या निर्णयांत आहे. ते म्हणजे डिझायनर एडवर्ड टर्नर.

कोण होते टर्नर?

टर्नर यांचा जन्म १९०१ मध्ये लंडनमध्ये झाला. तरुणपणी त्यांनी शहरातच मोटरसायकलचे छोटे दुकान चालवले आणि स्वतःची बाइकही बनवली. चार सिलिंडर चौकोनात बसवलेल्या इंजिनाचा आराखडा घेऊन ते कंपन्यांकडे गेले. एरियल कंपनीच्या जॅक सँगस्टर यांनी त्यांना कामावर घेतले आणि त्यातून ‘स्क्वेअर फोर’ ही बाइक आली. १९३६ मध्ये सँगस्टर यांनी अडचणीतला ट्रायम्फचा मोटरसायकल व्यवसाय विकत घेतला आणि सूत्रे टर्नर यांच्याकडे सोपवली.

‘स्पीड ट्विन’ वेगळी का ठरली?

१९३७ मध्ये आलेल्या ४९८ सीसी ‘स्पीड ट्विन’मध्ये दोन सिलिंडर शेजारी-शेजारी उभे होते. इंजिन इतके आटोपशीर होते, की ते एका सिलिंडरच्या बाइकच्या चौकटीत बसले. दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होत, पण स्फोट आळीपाळीने होत असल्याने एकच कार्ब्युरेटर पुरत असे. बीएसए, नॉर्टन, रॉयल एनफिल्ड या कंपन्यांनीही नंतर हीच रचना स्वीकारली.

याच काळात टर्नर यांच्यावर आघात झाले. १९३९ मध्ये पत्नी एडिथ यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीचा कारखाना उद्ध्वस्त झाला. पुढे मेरिडन येथे नवा कारखाना उभा राहिला.

मग तेल का गळते?

इंजिनाची खालची पेटी, म्हणजे क्रँककेस, उभी दुभागलेली आहे. त्यामुळे तिचा सांधा थेट तेलाच्या पातळीखाली जातो. शिवाय पिस्टन एकत्र हलत असल्याने कंपने जास्त. अमेरिकी ग्राहकांना अधिक ताकद हवी होती, म्हणून ५०० सीसीचे इंजिन ६५० सीसीपर्यंत वाढवले गेले. त्यातूनच ‘थंडरबर्ड’ आणि १९५९ ची ‘बॉनव्हिल’ आली. ताकदीबरोबर कंपनेही वाढली आणि नट-बोल्ट सैल होऊ लागले.

दुरुस्ती करताना काय पाहावे?

* पाने : जुन्या बाइकचे नट-बोल्ट ब्रिटिश मापाचे असतात. मिलिमीटरचा पाना लावला तर नटाचे कोपरे झिजतात. म्हणून व्हिटवर्थ पाने हवेत.
* क्रँकशाफ्ट : अनेक ट्रायम्फ ट्विनच्या क्रँकशाफ्टमध्ये तेलातला गाळ अडवणारी नळी असते. ती साफ करायला इंजिन पूर्ण खोलावे लागते. हे काम टाळले आणि नळी तुंबली, तर बेअरिंगला तेल मिळत नाही आणि इंजिन जाम होते. म्हणून बाहेरचा रंग आणि क्रोम नंतर, आधी ही नळी.

मूळ रचना दशकानुदशके टिकल्याने सुटे भाग आजही मिळतात, ही जमेची बाजू.

धोका कुणाला दिसला?

खुद्द टर्नर यांना. १९६० मध्ये त्यांनी जपानमधील होंडा, सुझुकी आणि यामाहाचे कारखाने पाहिले. तिथला वेग आणि यंत्रसामग्री पाहून ब्रिटिश उद्योगाला मोठा धोका असल्याचा अहवाल त्यांनी दिला. उद्योग मात्र वेळेत बदलला नाही. १९६९ मध्ये चार सिलिंडर आणि बटण स्टार्ट असलेली होंडा सीबी ७५० बाजारात आली. तिच्या क्रँककेसचा सांधा आडवा, तेलाच्या पातळीच्या वर होता.

टर्नर यांचे १५ ऑगस्ट १९७३ रोजी निधन झाले. पुढच्याच महिन्यात मेरिडन कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. कामगारांनी ठाण मांडून, सहकारी तत्त्वावर तो १९८३ पर्यंत चालवला.

आज ट्रायम्फ हे नाव नव्या मालकीखाली सुरू आहे. बजाजच्या भागीदारीतून २०२३ पासून पुण्याजवळच्या चाकणमध्ये ४०० सीसीच्या ट्रायम्फ तयार होतात. त्यातल्या ‘स्पीड ४००’चे इंजिन एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे आणि पूर्णपणे नवे आहे. टर्नर यांचे इंजिन मात्र आजही जुन्या बाइक खोलून बसणाऱ्या माणसांच्या हातीच जिवंत आहे.