दुकानदार लिंकन

दुकान बुडणे म्हणजे काय, हे वारकऱ्याला नव्याने सांगायला नको. देहूच्या वाण्याचे दुकान दुष्काळात कसे बसले, हे आपण कीर्तनात ऐकतच आलो. सातासमुद्रापलीकडच्या अशाच एका बुडालेल्या दुकानदाराची हकीकत आज आम्ही भाविक वाचकांपुढे ठेवीत आहो.

अब्राहम लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अमेरिकेतील केंटकी प्रांतात, ओंडक्यांच्या झोपडीत झाला. शाळा सगळी मिळून वर्षभराचीसुद्धा नाही. १८३१ साली इलिनॉय प्रांतात, सँगमन नदीकाठच्या न्यू सेलम खेड्यात ते एका दुकानावर नोकरीस राहिले. ते दुकान वर्षभरातच बसले. मग बेरी नावाच्या भागीदाराबरोबर त्यांनी स्वतःचे दुकान थाटले, तेही बहुतेक उधारीच्या कागदांवर सह्या करून! लिंकनना नाद पुस्तकांचा नि गप्पांचा. बेरीला, म्हणतात, बाटलीचा. असलं दुकान किती दिवस चालणार? ते बुडालेच. १८३५ त बेरी वारला आणि त्याच्या वाट्यासकट सुमारे अकराशे डॉलरचे कर्ज एकट्या लिंकनांच्या माथी आले.

कर्ज झाले की पश्चिमेकडे पोबारा करायचा, ही त्या मुलखातली सर्रास वहिवाट. लिंकन गेले नाहीत. ते गावचे पोस्टमास्तर होते, टोपीत पत्रे घालून लोकांना नेऊन देत. जमीनमोजणीही शिकले. एका घेणेकऱ्याने दावा लावला, तेव्हा मोजणीची साधने लिलावात गेली. जेम्स शॉर्ट या शेजाऱ्याने ती विकत घेऊन त्यांची त्यांना परत दिली. आम्हाला तर या चरित्रात लिंकनांइतकाच हा शॉर्ट आवडतो. कर्ज फिटायला पुढे वर्षानुवर्षे लागली. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. पण ते घेणेकरी होते, हे देणेकरी. देणेकऱ्याला नदी मोकळी नाही.

१८३२ साली ते प्रांताच्या विधिमंडळाच्या निवडणुकीत पडले. पण गावच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मते त्यांनाच! १८३४ त निवडून आले, तेव्हा अंगावरचा नवा पोशाखही उसन्या पैशांचा. पुढे वकिली, १८४६ त काँग्रेसची निवडणूक जिंकली, १८६० त राष्ट्राध्यक्षपदाची. यादवी युद्ध पेटले. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी बंडखोर प्रांतांतले गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. माणूस बाजारात विकला जातो, हे त्यांना कधीच पटले नव्हते. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाटकगृहात त्यांना गोळी घातली. दुसऱ्या सकाळी प्राण गेला.

न्यू सेलम गाव १८४० च्या सुमारासच ओस पडले होते. १९३० नंतरच्या दशकात सरकारने ते जुन्या जागी पुन्हा उभारले. त्यात बेरी-लिंकनांचे दुकानही आहे.