उषाकिरण : पडद्यावरील दुसरे पर्व

वसई येथे १९२९ साली जन्मलेल्या उषा मराठे रंगभूमीवरून चित्रपटात आल्या व उषाकिरण या नावाने घराघरांत पोहोचल्या. 'पतिता' (१९५३), 'शिकलेली बायको' (१९५९) यांतील नायिका रसिकांच्या स्मरणात राहिल्या. पुढे डॉ. मनोहर खेर यांच्यासमवेत संसारात रमताना साठच्या दशकात त्यांचा पडद्यावरील वावर विरळ झाला. १९७२ साली 'बावर्ची'तून त्या परतल्या, तेव्हा नायिकेचे स्थान उरले नव्हते. एकेकाळच्या नायिकेला हे स्वीकारणे सोपे नसते. तरीही 'मिली'त (१९७५) मृत्यूच्या छायेतील मुलीची आई त्यांनी संयत अभिनयाने साकारली. मुंबईचे शेरीफपदही भूषविलेल्या या अभिनेत्रीचे २००० साली निधन झाले. मान भूमिकेच्या लांबीवर नव्हे, निष्ठेवर ठरतो, हाच त्यांच्या पुनरागमनाचा बोध होय.