गोपाळ बाबा वलंगकर : अर्जापासून हक्कापर्यंत

महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला हजारो भीमसैनिक क्रांतिभूमीला वंदन करण्यासाठी येतात, तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात आणि परततात. पण याच महाड तालुक्यात रावढळ नावाचे गाव आहे आणि चवदार तळ्याच्या संगराच्या कितीतरी आधी या गावातील एका माणसाने अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली होती, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे? त्या माणसाचे नाव गोपाळ बाबा वलंगकर. अस्पृश्यांच्या चळवळीचा पाया घालणाऱ्या या महापुरुषाचे चरित्र आज नव्याने वाचायला हवे, आणि ते केवळ जयंती-पुण्यतिथीचे हार घालण्यासाठी नव्हे.

आपल्यावर एक जुना आरोप आहे. तुम्ही इंग्रजधार्जिणे, इंग्रजांच्या पलटणीत शिरून तुम्ही मोठे झालात, असे मनुवादी मंडळी आजही म्हणतात. दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही बांधव इंग्रज म्हणजे जणू आपले उद्धारकर्ते, असे भाषणांतून सांगतात. गोपाळ बाबांचे आयुष्य या दोन्ही बोलण्यांना पुराव्यासह उत्तर देते.

बाबांचा जन्म १८४० च्या सुमारास रावढळला महार कुटुंबात झाला. तेव्हा रायगड जिल्हा हे नाव नव्हते. आजचा पोलादपूरचा डोंगराळ मुलूख महाड तालुक्यातच मोडत होता. सावित्रीच्या खोऱ्यात भात पिकत होते, पण ज्यांच्या घामावर ते पिकत होते त्यांच्या वाट्याला गावकी, वेठ आणि मेलेली गुरे ओढण्याचे काम होते. या जिण्यातून बाहेर पडायला एकच दार उघडे होते, ते पलटणीचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई फार पूर्वीपासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत त्यांनी गाजवलेला पराक्रम आणि तिथल्या विजयस्तंभावर कोरलेली नाकान्त नावे आपल्याला माहीत आहेतच.

बाबाही याच दारातून बाहेर पडले. पलटणीत माणसाला नुसता पगार मिळत नव्हता. शिपायाला आणि त्याच्या मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या शाळा छावणीत होत्या. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता, तो छावणीत अंगावर गणवेश घालून ताठ मानेने उभा राहत होता. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, ही गोष्ट याच परंपरेतली आहे.

१८८६ साली बाबा निवृत्त झाले आणि दापोलीला स्थायिक झाले. दापोली ही इंग्रजांची जुनी छावणी. तिथे महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. पुढे रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. या पेन्शनीचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. गावातल्या महाराला भाकरीसाठी पाटलाच्या दारात उभे राहावे लागत होते. पेन्शनरच्या घरी मात्र दरमहा सरकारी पैसा येत होता आणि तो बंद करणे गावाच्या हातात नव्हते. पोट गावावर अवलंबून नाही, म्हणून जीभ मोकळी झाली. आपल्या चळवळीचे पहिले लेखक आणि पहिले संघटक मोठ्या प्रमाणात या पेन्शनरांच्या घरांतून आले, ते यामुळेच.

बाबांवर महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा खोल संस्कार झाला. दीनबंधू आणि सुधारक या पत्रांतून ते लिहू लागले. १८८८ साली त्यांनी विटाळ-विध्वंसक हे प्रकाशन काढले आणि उच्चवर्णीयांच्या पुढाऱ्यांना सव्वीस प्रश्न विचारले. विटाळाला आधार कोणता, तो कोणी लावला, माणसाने माणसाला शिवल्याने धर्म कसा बुडतो, अशा अर्थाची ती विचारणा होती. त्यांनी विनंतीपत्र काढले, कवने रचली, गावोगाव फिरून मेलेले जनावर खाणे सोडा असे सांगितले. अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्थाही त्यांनी उभारली.

या संस्थेच्या नावाकडे जरा लक्ष द्या. आर्य आणि अनार्य हा भेद त्या काळी युरोपीय पंडितांनी आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी इथे रूढ केला होता. ब्राह्मणांनी त्याचा उपयोग आपण राज्यकर्त्यांचे दूरचे भाऊबंद आहोत असे सांगण्यासाठी केला. जोतीरावांनी आणि त्यांच्या मागोमाग बाबांनी तेच हत्यार उलटे फिरवले. आर्य बाहेरून आले, आम्ही इथले मूळचे, आणि अस्पृश्यता ही जेत्यांनी पराभूतांवर लादलेली शिक्षा आहे, अशी मांडणी त्यांनी केली. त्याचबरोबर महार हे मूळचे क्षत्रिय होते, असेही बाबा सांगत होते. या दोन मांडण्या एकमेकींशी पूर्णपणे जुळत नाहीत. पण ज्याच्या हाती स्वतःचा लिहिलेला इतिहास नाही, तो समोर पडलेले दगड उचलूनच भिंत बांधतो. पुढे १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' आणि १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथांतून बाबासाहेबांनी हा वंशाचा सिद्धान्तच नाकारला आणि अस्पृश्यतेचे मूळ रक्तात नसून समाजाच्या इतिहासात आहे, हे दाखवले. साहेबाच्या पुस्तकातून आलेली मोजपट्टी टाकून द्यायला आपल्या चळवळीला साठ वर्षे लागली.

आता या चरित्रातील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे येऊ. १८५७ नंतर इंग्रजांनी फौजेची फेररचना केली. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होते. काही जाती-जमाती जन्मतः लढवय्या आणि बाकीच्या नाहीत, हा सिद्धान्त त्यांच्या काळात धोरण बनला. भरतीचा ओघ पंजाब, नेपाळ आणि वायव्येकडे वळला. पलटणी जातवार बांधायच्या ठरल्यावर सवर्ण शिपायांची सोय पाहिली गेली, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरली आहेत, त्यांना एका हुकुमाने बिगर-लढवय्ये ठरवले गेले.

बांधवांनो, हा हुकूम कोणी काढला? पेशव्याने नव्हे, इंग्रजाने. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात सरकार प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असे वचन होते. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की धर्म म्हणजे काय, हे वरच्या जातींनी सांगायचे आणि सरकारने ते मान्य करायचे. मनूची उतरंड साहेबाच्या कचेरीत फाईल होऊन बसली.

बाबा स्वस्थ बसले नाहीत. १८९४ साली त्यांनी महारांना पुन्हा लष्करात घ्यावे म्हणून लष्करी अधिकाऱ्यांसाठी सविस्तर अर्ज तयार केला. आमच्या लोकांनी सरकारसाठी रक्त सांडले आहे, आम्ही पराक्रमात कमी नाही, मग जातीच्या नावाखाली आम्हांला का वगळता, हा त्याचा आशय. भरती उघडली नाही. मी वकिली करतो, म्हणून या अर्जाकडे वकिलाच्या नजरेने पाहतो. तो मुद्देसूद आहे, पण त्यात मागणाऱ्याकडे दाखवायला एकही कलम नाही. इमान आहे, सेवा आहे, आठवण आहे, हक्क नाही. इंग्रजी राज्याने दिले ते मेहेरबानी म्हणून दिले, आणि मेहेरबानी काढून घेताना कारण सांगावे लागत नाही.

१८९५ साली सरकारने बाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली. एक महार आपल्या बरोबरीने बसणार, यावरून उच्चवर्णीय सभासद संतापले आणि वर्तमानपत्रांत वाद पेटला. बाबा डगमगले नाहीत. १९०० साली रावढळला त्यांचे निधन झाले. पण दिवा विझला नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भरतीची मागणी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल आणि दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. गरज असली की आम्ही लढवय्ये, गरज संपली की अस्पृश्य!

परकी सत्ता आणि देशी उतरंड यांची ही युती आपल्याच देशात घडली असे नाही. कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता. कोरियात बेकजोंग नावाचा खाटकांचा बहिष्कृत समाज होता. बाबांनी अर्ज तयार केला त्याच १८९४ साली तिथे कायद्याने जन्मजात दर्जे रद्द झाले. पण पुढे जपानी राजवटीतल्या कुटुंब-नोंदवहीत बेकजोंगांच्या नावापुढे ओळखीची खूण राहिली आणि त्यांच्या मुलांना शाळेत घेण्यास शेजारीच विरोध करू लागले. १९२३ साली जिंजू शहरात त्यांनी ह्योंगप्योंगसा ही संघटना स्थापन केली. तिच्या नावात खाटकाच्या तराजूचा संदर्भ आहे. तराजूसारखा समतोल समाज, हा तिचा अर्थ. परकी पोलिसांची पाळत आणि स्वदेशी शेजाऱ्यांची दगडफेक, दोन्ही त्यांनी सोसले. त्याच १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव संमत झाला होता. दोन देश एकमेकांना ओळखत नव्हते, पण प्रश्न एकच होता.

बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण ते कागदावरच राहिले. मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी या भागातल्या पेन्शनरांच्या परंपरेची आणि बंद झालेल्या भरतीची आठवण करून दिली, आणि २० मार्चला अर्ज न करता सरळ तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. बाबांच्या विनंतीपत्रापासून इथपर्यंतचा हा प्रवास आहे. सवर्णांनी दिवाणी दावा लावला, आणि १४ डिसेंबर १९२७ ला कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला बाबासाहेबांच्या बाजूने अखेरचा निकाल लागला. पण हा निकाल कशावर लागला ते वाचा. वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. अस्पृश्यता बेकायदा आहे, असे त्या कोर्टाने म्हटले नाही. ही इंग्रजी न्यायाची हद्द होती. ती ओलांडली भारतीय संविधानाने. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट हे शब्द स्पष्टपणे घातले. त्या शब्दांत मला महाडचे पाणी दिसते.

इंग्रज गेले, पण त्यांची कागदपत्रे गेली नाहीत. १८७४ च्या वतन कायद्याने महारकी सरकारी चौकटीत बसवली. १९५८ च्या कायद्याने वतन खालसा झाले, तरी परत मिळालेल्या जमिनींवर नवीन शर्तीचा शेरा राहिला, आणि त्या जमिनींसाठी आपले लोक आजही तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. फौजेत जातीच्या नावाच्या पलटणी आजही आहेत. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणारा आणि पोलादपूरच्या वाडीतून भरतीसाठी पहाटे धावणारा आपला तरुण या बदलाकडे कसा पाहतो? ज्या पेन्शनीने गोपाळ बाबांची जीभ मोकळी केली, ती पेन्शन गेली तर उद्याचा गोपाळ बाबा कोणाच्या दारात उभा राहील?

म्हणून चवदार तळ्याला वंदन करून परतताना वाट थोडी वाकडी करून रावढळलाही जा. मुलांना सांगा की या गावातल्या एका पेन्शनरने सत्तेचे उपकार स्मरूनही तिला जाब विचारला होता. इंग्रजांचे ऋण मानायचे की नाही, यात वेळ घालवू नका. त्यांनी दिलेले त्यांनीच काढून घेतले, आणि संविधानाने दिलेला हक्कही आपण जागे राहिलो नाही तर हळूहळू पुन्हा मेहेरबानी होऊन जाईल. बाबांच्या हाती फक्त अर्ज होता. आपल्या हाती कलम आहे. ते वापरायचे की नाही, हे आपण ठरवायचे आहे.

जयभीम!