निनादाचा मापारी : वॉलेस क्लेमंट सेबिन

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या दिवसांत लालबर्रा येथील एका घरी आम्ही मुलींचे ईशस्तवन ध्वनिमुद्रित करावयास बसलो होतो. घर नवे, सिमेंटच्या स्लॅबचे; खोली रिकामी, भिंती गुळगुळीत आणि खाली चकचकीत फरशी. गळे गोड होते, पेटी सुरात होती, तबलाही नेमका होता. तरीही मुद्रण ऐकू लागलो तेव्हा एका शब्दावर दुसरा शब्द चढलेला आणि सगळे गाणे जणू विहिरीच्या तळातून येत असलेले. हेच ईशस्तवन जुन्या कौलारू घराच्या ओसरीवर किती स्वच्छ ऐकू आले होते! आमची निराशा पाहून त्या घरच्या आजीबाईंनी दोरीवर चार गोधड्या टाकल्या, आणि काय आश्चर्य, शब्द मोकळे झाले! मात्र डग्ग्याची घुमघुम काही जाईना.

गोधडीने शब्द सुटे का झाले, आणि डग्गा मात्र का ऐकेना, ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका माणसाने शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी शोधून ठेवली आहेत. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

वॉलेस क्लेमंट सेबिन ह्यांचा जन्म १३ जून १८६८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात रिचवुड ह्या लहानशा गावी झाला. बुद्धी तल्लख, स्वभाव अबोल. वयाच्या अठराव्या वर्षीच, १८८६ साली, त्यांनी ओहायो राज्य विद्यापीठाची पदवी मिळविली. पुढील शिक्षणासाठी ते हार्वर्ड विद्यापीठात गेले, १८८८ मध्ये तेथील एम. ए. झाले आणि तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. डॉक्टरेटची पदवी त्यांनी अभ्यास करून कधीच घेतली नाही. शिकविणे आणि प्रयोगशाळा सजविणे ह्यांतच त्यांचा वेळ जाई. पुढे ज्या शास्त्राचे जनक म्हणून त्यांची कीर्ती झाली, त्या ध्वनिशास्त्राशी तोवर त्यांचा विशेष संबंधही आला नव्हता.

संबंध आला तो एका फसलेल्या इमारतीमुळे. १८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी वास्तू उभी राहिली. वास्तू देखणी, परंतु तिच्यातील व्याख्यानगृहात वक्ता बोलू लागला की श्रोत्यांना काही कळेनासे होई. उच्चारलेला प्रत्येक शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही, आणि तेवढ्या अवधीत वक्ता पुढील दहाबारा शब्द बोलून गेलेला असे. विजापूरच्या गोलघुमटात उभे राहून कोणी व्याख्यान देऊ लागला तर जी गत होईल, तीच येथे होत होती. ह्या घुमण्याला शास्त्रात निनाद म्हणतात. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट ह्यांनी उपाय शोधण्याचे काम सत्तावीस वर्षांच्या ह्या तरुण प्राध्यापकावर सोपविले. ज्येष्ठ मंडळींना ते काम निष्फळ वाटत होते. सभागृह चांगले निघणे हा नशिबाचा भाग, अशीच त्या काळची समजूत होती. कोणी छताखाली तारा ताणून बांधीत, कोणी सभागृहाच्या लांबीरुंदीचे ठराविक प्रमाण सांगत. परंतु ह्या उपायांचा गुण खरोखर येतो की नाही, हे मोजून पाहिलेले नव्हते.

सेबिन ह्यांनी मोजावयाचे ठरविले. साधने किती साधी पाहा! सेकंदास ५१२ कंपने देणारी ऑर्गनची एक नळी, वेळ टिपणारे एक यंत्र, आणि स्वतःचे कान. नळी वाजवावी, एकाएकी थांबवावी, आणि आवाज पूर्णपणे विरेपर्यंत किती वेळ लागतो ते टिपावे. दिवसा रस्त्यावरच्या गोंगाटात हे शक्य नव्हते. म्हणून मध्यरात्रीनंतर काम सुरू होई व पहाटे संपे. विद्यापीठातच सँडर्स नावाचे एक नाट्यगृह होते. तेथे शब्द स्वच्छ ऐकू येत आणि त्याच्या आसनांवर गाद्या होत्या. सेबिन व त्यांचे साहाय्यक रात्री त्या गाद्या उचलून फॉग व्याख्यानगृहात आणीत, थोड्याथोड्या मांडून दर वेळी निनाद मोजीत, आणि सकाळ होण्यापूर्वी सगळ्या गाद्या पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवीत. असे एक दिवस नव्हे, कित्येक महिने चालले.

गादी नसता निनाद ५.६ सेकंद टिके. ४४ मीटर लांबीच्या गाद्या मांडल्यावर तो ४.२ सेकंदांवर आला, १२८ मीटरांवर ३ सेकंदांवर, आणि आसने, वाटा, व्यासपीठ व मागील भिंत छतापर्यंत गाद्यांनी झाकल्यावर अवघ्या १.१४ सेकंदांवर! आवाज नाहीसा होतो म्हणजे मऊ, सच्छिद्र वस्तूंत शिरून त्याची शक्ती घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होते. गुळगुळीत भिंत मात्र त्यास जवळजवळ जसाच्या तसा परत फेकते. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून सेबिन ह्यांनी उघड्या खिडकीलाच शोषणाचे माप मानले, आणि गादी, गालिचा, लाकूड, इतकेच नव्हे तर बसलेला माणूसही किती खिडकीच्या तोलाचा आहे, हे ठरविले.

ह्याच काळात त्यांच्या ध्यानी एक विलक्षण गोष्ट आली. प्रयोग करणाऱ्याच्या अंगावरील कपडेही आवाज शोषतात, आणि कपडे बदलले की उत्तर किंचित बदलते! तीन हजारांहून अधिक निरीक्षणे तोवर झाली होती. ती कागदावर नीट दिसत होती. त्यांतील दोष दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आला नसता. सेबिन ह्यांनी ती सगळीच्या सगळी बाजूला टाकली, आणि पुढे प्रत्येक रात्री एकच ठराविक पोशाख अंगावर घालून काम पुन्हा पहिल्यापासून आरंभिले. मित्रहो, प्रयोगवहीत उत्तर जुळविण्यासाठी आकडा खोडून दुसरा लिहिण्याचा मोह आपणांस कधी ना कधी झालेला असतो. अशा वेळी ह्या तीन हजार टाकून दिलेल्या निरीक्षणांची आठवण करावी.

फॉग व्याख्यानगृहाच्या भिंतींवर नमद्यासारखे जाड आवरण लावून ते १८९८ साली वापरण्याजोगे झाले. परंतु आकड्यांच्या ढिगामागील नियम अजून हाती लागला नव्हता. त्याच सुमारास बॉस्टन शहरात वाद्यवृंदासाठी भव्य सभागृह बांधण्याचे घाटत होते, आणि त्यासाठी सेबिन ह्यांचा सल्ला घेण्याचे ठरले. नियमावाचून सल्ला देणे त्यांना प्रामाणिकपणाचे वाटेना. अखेर २९ ऑक्टोबर १८९८ च्या सायंकाळी, जुने आकडे पुन्हा चाळताना, त्यांना तो नियम दिसला. तो असा : खोलीचे घनफळ घनमीटरांत घ्यावे, त्यास ०.१६ ने गुणावे, आणि खोलीतील एकूण शोषण चौरस मीटरांत काढून त्याने भागावे. जे येईल तितके सेकंद निनाद टिकेल. इतक्या सोप्या गणितासाठी तीन वर्षांची जागरणे खर्ची पडली होती!

बॉस्टनच्या शिल्पकारांपुढे जर्मनीतील लाइपझिग येथील एका नामांकित सभागृहाचा आदर्श होता. ते तसेच्या तसे मोठे केले तर घनफळ वाढून निनाद प्रमाणाबाहेर जाईल, हे सेबिन ह्यांनी बांधकामापूर्वीच गणिताने दाखवून दिले व आराखड्यात बदल सुचविले. १५ ऑक्टोबर १९०० रोजी सिंफनी हॉलचे उद्घाटन झाले. शास्त्राच्या आधारे आवाजाची आखणी केलेले ते पहिले सभागृह. प्रारंभी काही टीकाकारांनी नाके मुरडली. आज मात्र जगातील सर्वोत्कृष्ट संगीतगृहांत त्याची गणना होते.

आता डग्ग्याचा प्रश्न. सेबिन ह्यांनी पुढे सेकंदास ६४ कंपनांच्या खर्जापासून ४०९६ कंपनांच्या तार स्वरापर्यंत शोषण मोजले आणि १९०६ साली ते प्रसिद्ध केले. त्यातून असे दिसले की पातळ मऊ वस्तू उंच स्वर सहज गिळते, परंतु खर्ज तिला दाद देत नाही. कारण उघड आहे. ५१२ कंपनांची ध्वनिलहर सुमारे ६६ सेंटीमीटर लांब असते, तर ६४ कंपनांची पाच मीटरांहून अधिक! एवढ्या मोठ्या लहरीला बोटभर जाडीची गोधडी काय अडविणार? तिच्यासाठी जाडी हवी, मागे पोकळी हवी, आणि जागाही कोपऱ्याची हवी. कारण खर्जाचा जोर कोपऱ्यांत साठतो.

सेबिन ह्यांच्या पत्नी जेन केली ह्या वैद्यकी करीत. ह्या दांपत्यास दोन मुली होत्या. पहिल्या महायुद्धात सेबिन युरोपात गेले, परतल्यावर विमानविभागास सल्ला देत राहिले, आणि त्याच वेळी विद्यार्थ्यांचे तासही घेत राहिले. मूत्रपिंडाचा विकार जडला असता कामापायी त्यांनी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली. १० जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. इलिनॉय राज्यात त्यांच्यासाठी बांधलेली रिव्हरबँक ध्वनिप्रयोगशाळा नुकतीच उभी राहिली होती; तेथे काम करणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांचे निबंध १९२२ साली ग्रंथरूपाने निघाले, आणि शोषणाच्या मापाला जगाने त्यांचेच नाव दिले.

असो. हे चरित्र वाचून आम्ही त्या लालबर्र्याच्या खोलीकडे पुन्हा वळलो. खोली चार मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच. घनफळ ३६ घनमीटर. भिंती, छत व फरशी मिळून ६६ चौरस मीटर. गुळगुळीत पृष्ठभाग शेकडा तीन शोषितो असे धरले तर एकूण शोषण २ चौरस मीटर. निनाद जवळजवळ २.९ सेकंद! मग सुताराकडून मीटरभर लांबीरुंदीच्या आठ चौकटी करून घेतल्या, त्यांत जुन्या गाद्यांचा पिंजलेला कापूस दहा सेंटीमीटर जाड भरला, वरून हवा खेळेल असे मांजरपाट ताणले, आणि त्या भिंतीपासून थोड्या अंतरावर टांगल्या. त्यांनी शेकडा ऐंशी आवाज शोषला तर निनाद पाऊण सेकंदाच्या आत यावा, असे गणित सांगत होते. खर्जासाठी जाड गाद्यांच्या गुंडाळ्या चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत उभ्या केल्या. कापूस लवकर पेटतो, म्हणून दिवा व विजेच्या तारा दूर ठेवल्या. कोणी अंड्यांचे पुठ्ठे चिकटविण्याचा सल्ला दिला होता. पातळ पुठ्ठा फारसे काही शोषीत नाही, तेव्हा त्या जुन्या तारांचीच ही नवी आवृत्ती समजून आम्ही तो सोडून दिला. ईशस्तवन पुन्हा मुद्रित केले. शब्द न् शब्द सुटा, आणि डग्गाही शहाण्यासारखा आपल्या जागी!

आमच्या धानाच्या मुलुखात खळ्यावरील मापारी रास मोजतो, तेव्हा धन्याला बरे वाटावे म्हणून एक पायलीही वाढवून सांगत नाही. सेबिन हे निनादाचे असे मापारी होते. ज्याला लोक सभागृहाचे दैव म्हणत होते, त्यास त्यांनी माप लावले. आणि माप चुकले असे कळताच अवघी रास पुन्हा मोजावयास घेतली. म्हणूनच आज त्यांचे गणित बॉस्टनच्या सिंफनी हॉलइतकेच आमच्या चार गोधड्यांनाही लागू पडते.